शिवाजी पार्कच्या कट्ट्यास

श्री. कट्टा,
शिवाजी पार्क, दादर, मुंबई २८

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा संध्याकाळी तुझ्या कडेने चालत गेले आणि न बसताच घरी आले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं, म्हणून कळवते आहे. वयाने तू माझ्याहून पुष्कळ मोठा. तुझ्या मैदानाने २०२५ साली शंभरी गाठली. तरी तुला ‘अहो’ म्हणवत नाही. ज्याच्या खांद्यावर बसून शेंगा खाल्ल्या, त्याला ‘तू’च म्हणणार.

इकडची खबर अशी. माझा भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचं आणि त्याच्या शाळेपासूनच्या मित्राचं दोन महिन्यांपूर्वी बिनसलं. ग्रुपवर कुणीतरी काहीतरी लिहिलं, याने त्यावर एक हसरा चेहरा टाकला, तो त्या मित्राला लागला. दोघं राहतात दादरमध्येच, चालत आठ मिनिटांच्या अंतरावर. या दोन महिन्यांत भाच्याने दहा वेळा तरी मेसेज लिहून पुसला असेल. “अरे, जाऊन भेट ना,” म्हटलं, तर म्हणाला, “जाऊन बोलू काय, मावशी?” त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला ते ठाऊक होतं, कारण तू शिकवलं होतंस. १९८७ साली, बारावीत असताना, मी आणि माझी मैत्रीण नऊ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. दहाव्या दिवशी ती तुझ्यावर बसलेली दिसली, उद्यान गणेश मंदिराच्या बाजूला. मी जाऊन शेजारी बसले. समोर नेटमध्ये पोरं बॅटिंग करत होती. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी नुसतं तेच पाहत होतो. एका चिमुरड्याचा त्रिफळा उडाला आणि तो रडवेला होऊन बॅट आपटायला लागला, तेव्हा दोघींना एकदम हसू फुटलं. मग ती म्हणाली, “शेंगा घे.” भांडणाचा विषय कितीतरी दिवसांनी निघाला, आणि तोवर त्यात भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लोक याला समोरासमोरचं बोलणं म्हणतात. पण तुझ्यावर समोरासमोर कुणी बसूच शकत नाही. माणसं शेजारी शेजारी बसतात, एकाच दिशेला तोंड करून, आणि म्हणूनच अवघड ते बोलू शकतात. माझ्या वर्गातल्या एकीच्या वडिलांना १९८२ च्या गिरणी संपानंतर पुन्हा काम मिळालंच नाही. घरात काय चाललं होतं, हे तिने मला मैदानाकडे बघत सांगितलं. माझ्याकडे बघत तिला ते सांगता आलं नसतं, आणि लिहून तर नाहीच नाही. मध्येच ती थांबायची. मीही गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याची लाज वाटत नव्हती, कारण बघायला समोर काहीतरी होतं आणि ते आम्हा दोघींचं मिळून एकच होतं.

आजच्या मुलांकडेही बघायला काहीतरी असतंच. फक्त ते ज्याचं त्याचं असतं. बोलणं जरा थांबलं की एकाचा हात खिशाकडे जातो, मग दुसऱ्याचा. आणि ज्या शांततेतून खरी गोष्ट बाहेर यायची, तीच भरून जाते. अमेरिकेत एमआयटीच्या प्राध्यापक शेरी टर्कल यांनी २०१५ साली संभाषणावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात एक कॉलेजकन्यका आपला सात मिनिटांचा नियम सांगते: गप्पा कुठे वळणार हे कळायला निदान सात मिनिटं लागतात, तोवर फोन काढायचा नाही, कंटाळा आला तरी. हे वाचलं आणि मला तू आठवलास. तू आम्हाला सातच्या जागी सत्तर द्यायचास, आणि त्यासाठी नियम करावा लागत नव्हता.

आता तुझ्यावरचा राग. तू सगळ्यांचा कधीच नव्हतास. मुलं रात्री अकरापर्यंत बसायची. आम्हा मुलींना दिवेलागणीला घरी परतायचं असे, आणि येतानाही गणपतीच्या दर्शनाचं निमित्त लागे. मी आता शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळते, पण लिहिते इतकं चटपटीत की ग्रुपवर सगळे तिची वाट बघतात. तुझ्यावर तिला कुणी दोन वाक्यं पुरी करू दिली असती का? तिला फोनने जे दिलं, ते तू दिलं नसतंस. म्हणून मुलांच्या हातातून फोन काढून घ्या म्हणणाऱ्यांत मी नाही. एरवी गप्प राहिली असती अशी कितीतरी मुलं आज बोलतात.

आणि त्यांच्या वाट्याला काय आलं तेही बघ. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट पाण्यासारखं स्वस्त झालं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जी मुलं तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती, त्यांनी रुसण्या-मनवण्याचं वय खोलीत बसून काढलं, पडद्यावरच्या चौकोनांकडे बघत. ती आज कॉलेजात आहेत. तोंडी परीक्षेला माझ्यापुढे येतात तेव्हा उत्तर येत असतं, पण नजर कुठे ठेवावी ते कळत नसतं. त्यांना माणूसघाणं म्हणणं हा अन्याय आहे. त्यांना सराव मिळालेला नाही, एवढंच.

गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, तेही सांगते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, माणसांनी एकमेकांशी बोलायचं. ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. दादरमध्ये असा भोंगा कोण वाजवणार? आणि वाजवला तरी ऐकणार कोण? इथे जे काही व्हायचं, ते एकेका जोडीनेच होईल.

म्हणून ही विनंती. मेसेजमध्ये माफी मागू नकोस, असं मी भाच्याला सांगितलं. फक्त लिही, ‘रविवारी साडेसहा, गणपतीच्या बाजूचा कट्टा.’ त्याने ते पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. निळ्या खुणा आल्या आहेत. तो मित्र आलाच, तर दोघांना लगेच बोलायला लावू नकोस. पहिली काही मिनिटं त्यांना जड जातील, हात खिशाकडे जातील. तेवढा वेळ सांभाळून घे. मैदानावर पोरं चिखलात फुटबॉल खेळत असतील, कुणीतरी सपशेल पडेल. बाकीचं तुला माहीत आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
गणपतीच्या बाजूला बसणारी

ता. क. पावसाने तू ओला असशील. भाच्याकडे दोन जुनी वर्तमानपत्रं देते आहे.