समुद्रपूर तालुक्यातला पाणबुड्या

जाम पाहायला म्हणून कोणी जात नाही, जामवरून जातात. नागपूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागले की साठ-पासष्ट किलोमीटरांवर हे गाव येते. इथे एक रस्ता वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे फुटतो, दुसरा हिंगणघाटाकडे निघतो. हा दुसरा धरून बसलात तर तो थेट कन्याकुमारीला पोचवतो आणि उलट तोंड केलेत तर श्रीनगरला. एवढ्या लांब पल्ल्याच्या रस्त्यावरचे गाव, पण लोकांच्या लक्षात राहते ते चहापुरते. फाट्यावर ट्रक थांबतात, ड्रायव्हर टायरांवर हातोडी मारून पाहतात, चहा घेतात आणि निघून जातात. मला मात्र गेली पंचवीस वर्षे इथे उतरावेच लागते, कारण माझी धाकटी बहीण या गावात दिलेली आहे.

गेल्या वर्षी भाऊबीजेला गेलो होतो. ओवाळून तबक खाली ठेवते न ठेवते तोच तिने विषय काढला.

“दादा, आता तूच सांगून पाय बाप्पा याले. परदेशात जातो, समुद्रात बुड्या मारायची नोकरी करतो म्हनते!”

भाचा दाराशी उभा होता. वय एकवीस, बी. कॉम. झालेला, अंगाने काटक. घरची आठ एकर काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन. मेहुणे बोलले नाहीत. ते सहसा बोलत नाहीतच.

आता गंमत अशी, की जाम ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव समुद्रपूर. नावात समुद्र; पण पूर्वेकडे जा की पश्चिमेकडे, खरा समुद्र पाचशे किलोमीटरांच्या आत कुठेच नाही. तालुक्यात नारळ आहेत म्हणावेत, तर तेही दगडाचे! गिरडला शेख फरीद बाबांची टेकडी आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांच्या मालातले नारळ दगड करून टाकले, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात हवेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत ही खनिजे साठली. मला दोन्ही गोष्टी सारख्याच आवडतात. पण अशा दगडी नारळांच्या मुलखातून पाणबुड्या निघावा, हे माझ्याही पचनी पडायला वेळ लागला.

झाले होते असे. कॉलेजच्या सहलीत हा मालवणला गेला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून एका मार्गदर्शकाने त्याला पाण्याखाली अर्धा तास हिंडवून आणले. बाकीची पोरे रंगीत मासे पाहून आली आणि महिन्याभरात विसरली. हा विसरला नाही. मोबाईलवर शोधता शोधता त्याला थायलंडमधल्या को ताओ नावाच्या बेटावरची एक ‘इंटर्नशिप’ सापडली. ताओ म्हणजे कासव. बेट अवघे एकवीस चौरस किलोमीटरांचे, आणि तिथे बुडी शिकवणाऱ्या शाळांची ही गर्दी! दोन महिने राहायचे, काहीच येत नसले तरी डायव्हमास्टर होऊनच परतायचे, पुढे नोकरी. खर्च अडीच लाख, विमानभाडे वेगळे. मेहुण्यांनी विहीर खोल करण्यासाठी जवळपास तेवढेच बाजूला ठेवले होते.

मला वाटले, इंटर्नशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारी. छापखान्यात, वर्कशॉपात पोरे करायची तशी. पण त्या उमेदवारीत मालक चार पैसे कमी द्यायचा. इथे उमेदवारानेच मालकाला द्यायचे! नाही म्हणायला आलेला मी, त्या रात्री त्याच्याबरोबर मोबाईलमध्ये डोके घालून बसलो.

फसवणूकच असते असे नाही, हे आधी सांगतो. या विद्येची एक शिडी आहे. पहिली पायरी ‘ओपन वॉटर’, अठरा मीटर खोलीपर्यंत. दुसरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, तीस मीटर. मग प्रथमोपचार आणि बुडणाऱ्याला वाचवण्याची ‘रेस्क्यू’. त्यानंतर डायव्हमास्टर. १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या ‘पॅडी’ या संस्थेचा नियम असा, की वय अठरा पूर्ण हवे, सुरुवात करताना नोंदवहीत चाळीस बुड्या हव्यात आणि प्रमाणपत्र मिळताना साठ. शिक्षक व्हायला शंभर आणि वर परीक्षा. रोज दोन-तीन बुड्या मारल्या तर दोन महिन्यांत साठ होतात. पण साठ बुड्यांचा डायव्हमास्टर त्या बेटावर दर बोटीत सापडायचा. शिवाय पर्यटकाच्या व्हिसावर तिथे काम करणे बेकायदेशीर. कामाचा परवाना वेगळा. पैसे न घेता शिकवणारेही आहेत, पण तिथे दिवसभर सिलिंडर भरा, ते बोटीवर चढवा, पाहुण्यांचे रबरी पोशाख गोड्या पाण्यात धुवा, आणि उरलेल्या वेळात शिका. मला विचाराल तर हाच प्रकार जास्त प्रामाणिक.

आम्ही त्या लोकांना चार प्रश्न लिहून पाठवले. शिक्षकाचा सभासद क्रमांक काय? (तो संस्थेकडे पडताळून पाहता येतो.) फीमध्ये पुस्तके, विमा, प्रमाणपत्राचा खर्च धरला आहे का? पैसे भरण्याआधी डॉक्टरी तपासणीचा फॉर्म का मागत नाही? कान आणि फुप्फुसे ठीक नसतील तर पैसे गेलेच ना! आणि नोकरी देणार ती कुठल्या परवान्यावर? क्रमांक लगेच आला. विमा वेगळा निघाला. फॉर्म “इथे आल्यावर”, आणि परवान्याचेही “इथे आल्यावर बघू”. भाच्याचा चेहरा उतरला. मेहुणे पहिल्यांदा बोलले, “आल्यावर बघू म्हनणाऱ्याकडून मी बैलही घेत नाही.”

बहिणीला वेगळीच भीती. पाणी म्हणजे तिच्या मनात विहीर. पोराने तिला समजावले ते मी ऐकत होतो. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. सिलिंडरमधली हवा त्या दाबाने छातीत भरते. तो श्वास कोंडून वर आले तर हवा फुगून फुप्फुस फाटायचे, म्हणून श्वास कधी रोखायचा नाही. वरही सावकाश यायचे. घाई केली तर रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. “गोळीसोड्याची गोळी दाबली की कसा फसफसते, तसं.” बहिणीने बराच वेळ विचार केला आणि विचारले, “मंग तू घाई करनार नाहीस ना?” लहानपणापासून घाईबद्दलच त्याने बोलणी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी चार हातांवर आलेले. मेहुणे या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. हा तेलाची रिकामी कॅन बांधून. गावात कुणाची घागर विहिरीत पडली तर गळ टाकण्याआधी यालाच हाक मारतात. डायव्हमास्टरला पंधरा मिनिटे एका जागी तरंगावे लागते आणि चारशे मीटर न थांबता पोहावे लागते. घड्याळ माझ्या हातात. बहीण कठड्याशी दोर धरून उभी, कुणी सांगितले नसताना. पंधरा मिनिटे तो मजेत तरंगला. पण वीस फुटी विहिरीत चारशे मीटर म्हणजे पंचवीस-एक गोल फेरे! बाराव्या फेऱ्याला त्याला भोवळ आली आणि पायरी धरून तो हसू लागला. आम्हीही हसलो. बहीण नाही हसली. दोर मात्र तिने खाली ठेवला.

मग मी निकाल दिला. मामाला तेवढा अधिकार असतो. बेट कुठे पळून जात नाही. आधी आपल्याच समुद्रात शीक. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. पहिली पायरी तिथे चढ. आवडले, झेपले, तर पुढचे पाहू. तो नाराज झाला. थायलंड आणि तारकर्ली यांत त्याच्या वयाला फार अंतर वाटते. पण महिनाभर नागपूरला माझ्याकडे राहून तलावात सरळ रेषेत पोहायला शिकला, डॉक्टरांकडून कान तपासून घेतले, आणि डिसेंबरात आम्ही दोघे सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ गाठले.

तारकर्लीच्या वाळूत मी दिवसभर बसून असे. तो संध्याकाळी यायचा तो मिठाने पांढरा झालेला आणि भुकेलेला. मालवणी माशांच्या ताटापुढे बसून आईच्या हातच्या पाटवडीच्या रश्शाची आठवण काढायचा. शेवटच्या दिवशी कार्ड मिळाले. त्याने ते घरी पाठवायला सांगितले नाही; खिशात ठेवून वारंवार चाचपून पाहत होता.

पुढे मे महिन्यापर्यंत तो मालवणातच एका बोटीवर राहिला. सिलिंडर भरणे, पोशाख धुणे. खाणे-राहणे आणि अधूनमधून एक बुडी. पावसाळ्यात कोकणातल्या बुड्या बंद, तेव्हा जामला येऊन पेरणीला लागला. विहीर उन्हाळ्यातच खोल करून झाली होती. तिच्यात उतरून त्याने तळ पाहून घेतला आणि ती बुडी नोंदवहीत धरता येत नाही म्हणून हळहळला. ऑक्टोबरात परत गेला. पासपोर्टचा अर्ज केला आहे. चाळीस भरल्या की को ताओच्या एका दुसऱ्या शाळेशी बोलणार आहे, फुकट राबवून शिकवणाऱ्या.

दिवाळीत मालवणला पर्यटकांची झुंबड, त्यामुळे यंदा तो घरी नाही. परवा बहिणीचा फोन आला. फराळाचा डबा बोटीवर कसा पोचवायचा, एवढेच विचारायचे होते म्हणाली. ठेवता ठेवता थांबली.

“दादा, एकतीस झाल्या म्हनते. चाळीस कवा व्हाच्या बाप्पा?”