आधी बुंधा बघा

माझं घर तंजावरला आहे. 'तमिळनाडूत मराठी घर कसं काय?' हा प्रश्न मला शाळेत आल्यापासून विचारला जातो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापन केलं. त्या काळात तिकडे गेलेली कित्येक मराठी घरं तिथेच राहिली, त्यांतलंच आमचं एक. पण आज मी राजांबद्दल लिहिणार नाही, परसातल्या माडांबद्दल लिहिणार आहे. कारण माडाच्या एका रोगाला आमच्या गावाचं नाव आहे: 'तंजावर विल्ट', म्हणजे तंजावरची मर.

1952 च्या चक्रीवादळानंतर तंजावर जिल्ह्यात या रोगाने बरेच माड गेले, म्हणून हे नाव पडलं. गॅनोडर्मा नावाची बुरशी जमिनीतून मुळांत शिरते आणि बुंधा आतून कुजवते. मग शेंड्याला पाणी पोचत नाही. आंब्याच्या खोडाला जखम झाली तर ती हळूहळू भरून येते. माडाची भरत नाही. म्हणून रोग लवकर ओळखणं महत्त्वाचं.

आमच्या परसात पाच माड होते. गेल्या सुट्टीत विहिरीजवळच्या माडाच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडाभोवती घागऱ्यासारख्या लोंबत होत्या. आई म्हणाली, पाणी कमी पडलं असेल. आजोबांनी मला बुंध्याशी बसवलं. परेडला उस्ताद आधी बूट बघतात, तसा माडाचा आधी बुंधा बघायचा. पाणी कमी पडलं तरी झावळ्या पिवळ्या होतात, पण बुंध्याच्या भेगांतून तांबूस तपकिरी चिकट रस पाझरत असेल, तर ती या रोगाची खूण. आमच्या माडाला तो रस होता. भिंतीकडच्या बाजूला एक कडक, चकचकीत तपकिरी छत्रीही उगवली होती. छत्री दिसली म्हणजे उशीर झाला.

तो माड बाबांच्या जन्माच्या वर्षी आजीने लावला होता. "अहो, अजून नारळ आहेत त्याला," आजी म्हणाली. आजोबा म्हणाले, "त्याच्याकडे बघू नकोस, त्या चौघांकडे बघ." बुरशी मुळांवाटे शेजारच्या माडांत जाते. आजी आत गेली आणि तोडणाऱ्यांसाठी चहा ठेवला.

माड तोडून बुंधा मुळांसकट उकरून काढला. त्या जागेभोवती मी तीन सकाळी खपून दोन फूट खोल, एक फूट रुंद चर खणला. उरलेल्या प्रत्येक माडाला 5 किलो निंबोळी पेंड घातली. एक टक्का बोर्डो मिश्रण प्रत्येकी 40 लिटर आळ्यात ओतलं. त्यासाठी एका माडाला 400 ग्रॅम मोरचूद आणि 400 ग्रॅम चुना लागतो. एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही, हेही आजोबांनी बजावलं.

तुमच्यापैकी अनेकांची घरं कोकणात आहेत. सुट्टीत घरी गेलात की नारळ मोजण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारा.

आजी आता रोज सकाळी चारही बुंधे बघते आणि रविवारी फोनवर मला सांगते. अजून रस कुठे दिसलेला नाही.