रथ जुना, बैल कोणते?



आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या रथाला बैलजोडी निवडायची असते, तेव्हा जाणकार मंडळी काय पाहतात? नुसते बळ पाहत नाहीत. दोन्ही बैलांची उंची जुळते का, चाल एक आहे का, गर्दीत आणि टाळ-मृदंगाच्या गजरात ते बुजत तर नाहीत ना, हे पाहतात. सर्वांत वेगाने धावणारा बैल शर्यतीला चांगला, रथाला नव्हे. आमच्या घरी जुन्या मोटारीचे इंजिन बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा मला हाच दृष्टान्त आठवला. तुमच्यापैकी कित्येकांच्या दारात वडीलधाऱ्यांची अशी एखादी गाडी उभी असेल, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. मूळ घराणे इटलीच्या फियाट ११०० चे, पण जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, ताकद साधारण चाळीस अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. थोरल्या बंधूंनी ती घेतली. कीर्तनाच्या गावी जाताना डिकीत पखवाज आणि मागच्या बैठकीवर आम्ही चौघे टाळकरी, असे तिने आम्हांला वर्षानुवर्षे वाहिले. बंधू गेले. आता गाडी वहिनींच्या नावावर आहे आणि वहिनींचे वय ब्याऐंशी. उंच नव्या गाडीत त्यांचा पाय चढत नाही, रिक्षाच्या धक्क्यांनी कंबर धरते. पद्मिनीत मात्र त्या कुणाचा हात न धरता बसतात. ठाकुर्लीहून कल्याणला लेकीकडे, डोंबिवलीला डॉक्टरांकडे आणि एकादशीला मंदिरात, एवढाच त्यांचा प्रवास. गाडी थांबली तर त्यांचा उंबराही थांबेल.

आणि गाडी थांबायला आली होती. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन मोजले. चारपैकी एका सिलिंडरचा दम बराच उतरलेला निघाला.

पुण्याचा पुतण्या म्हणाला, “काका, मारुती ईकोचे इंजिन बसवू. बाराशे सीसी, सत्तरच्या वर अश्वशक्ती, मागची चाके ओढणारे, म्हणून पद्मिनीला सोयीचे.” त्याचे म्हणणे पोरकट नव्हते. असे काम करून देणारे कारागीर आहेत. दुसरी वाट प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीतल्या ११७१ सीसीच्या निसान इंजिनाची. तिसरी वाट डिझेलची, कारण पद्मिनीच्या अखेरच्या काळात १३७ डी नावाने डिझेल गाडीही निघाली होती. आणि चौथी वाट म्हणजे आहे तेच इंजिन उतरवून नव्याने बांधणे.

आता बैलांची परीक्षा करू. ईकोचे घोडे जवळजवळ दुप्पट, पण लगाम तोच राहणार. ब्रेक, धुरा, स्प्रिंगा, सारे चाळीस घोड्यांच्या हिशेबाने केलेले. शिवाय त्या इंजिनाला कार्बोरेटर नाही. त्याचे सेन्सर, त्याचा संगणक, पेट्रोलचा दाबाचा पंप, सारी वायरिंग सोबत आणावी लागते. डिझेल वजनाला जड, त्याची थरथर वहिनींच्या कमरेला सोसायची नाही. ११८ एनईचे इंजिन अंगाला बरेच जुळते, पण तेही आता म्हातारेच मिळणार.

आपण ठाकुर्लीकरांना हे समजायला दूर जायला नको. चोळ्याचे पॉवर हाऊस रेल्वेने १९२९ मध्ये उभारले, ते गाड्या विजेवर चालाव्यात म्हणून. वाफेचे इंजिन काढून विजेचे लावले, एवढ्यावर काम भागले नाही. वीजघर लागले, खांब आणि तारा लागल्या. पुढे आपल्या लोकलची वीज १५०० व्होल्टवरून २५००० व्होल्टवर नेली. ते काम २०१५ मध्ये पुरे झाले, तेव्हाही दोन्ही विजांवर धावणारे डबे आणावे लागले, ठेंगण्या पुलांखालची अडचण सोडवावी लागली. बळ बदलले की त्याच्या मागेपुढचे सगळे बदलावे लागते. पखवाजाची पुडी बदलतानाही खोडाचे तोंड आधी मोजतातच ना?

कायद्याची बाजूही ऐका. इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले. सीएनजी किंवा विजेच्या मान्यताप्राप्त किटसाठी वेगळी तरतूद आहे, पण परवानगी तिथेही लागते. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. तिथे क्रमांक जुळला नाही तर गाडी दारातच बसेल. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच पुस्तक उघडेल. म्हणून मिस्त्रींकडे जाण्याआधी आरटीओत विचारावे.

पुतण्याचा शेवटचा मुद्दा घाटाचा होता. जुन्या इंजिनाने खंडाळा कसा चढणार? मी त्याला म्हणालो, “दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि घाट सरला की सोडतात. वर्षभर त्यांना कुणी जुंपून ठेवत नाही. तुला घाट चढायचा तेव्हा तुझी गाडी आहे. ही गाडी वहिनींची.” तो हसला, पण पटले असावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पिस्टन आणि रिंगा शोधायला तोच गेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, त्यामुळे सुटे भाग यापुढे दुर्मीळच होत जातील. एक-दोन गॅस्केट आणि वॉटर पंप जास्तीचे आणून ठेवले.

तर आम्ही चौथी वाट धरली. बोअर केले, एक माप मोठे पिस्टन घातले, क्रँक घासून घेतला, हेड सपाट केले, रेडिएटर उकलून साफ केला. ब्रेकचे लायनर नवे बसवले, तेही इंजिन चालू करण्याआधी.

सर्वांनी हेच करावे असे माझे सांगणे नाही. ब्लॉकच तडकला असता तर मी पुतण्याला ११८ एनईचे इंजिन शोधायला सांगितले असते, कागद आधी करून. तुम्हीही निवडायला बसाल तेव्हा प्रश्न याच क्रमाने विचारा. ही गाडी कोणासाठी चालते? कोणत्या रस्त्यावर? तिचे ब्रेक किती बळ आवरतील? कायदा काय म्हणतो? आणि सर्वांत शेवटी, कोणते इंजिन?

लेथवाल्याने मापून सांगितले आहे, या ब्लॉकला अजून एकदाच बोअर होईल, इतकीच जाडी उरली आहे. वहिनींना हे सांगितले, तर म्हणाल्या, “भाऊजी, मला तेवढे पुष्कळ झाले.”