राजासॉरस आणि जबलपूरची विखुरलेली हाडे

१/ नवी मुंबईच्या पाठीशी उभा असलेला पारसिकचा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. दगडखाणींनी त्याची कूस जिथे उघडी पाडली आहे, तिथे दख्खनचा काळा कातळ दिसतो. पूर्वेकडे, या कातळाच्या विस्ताराच्या कडेला, त्याच्या तळाशी गाळाचे जुने थर उघडे पडतात. हेच लमेटा थर. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथे त्यांत लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचे अवशेष मिळाले. त्या काळच्या शिकारी प्राण्यांविषयीचा वाद मात्र जबलपुरात पेटला.

२/ दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतांशी मांसाहारी डायनासोरांना थेरोपॉड म्हणतात. पक्षी त्यांचेच वंशज. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली यांना अशा प्राण्यांची पुष्कळ हाडे मिळाली. पण ती सुटी आणि एकमेकांत मिसळलेली होती. कोणते हाड कोणाचे, हे सांगणारा सलग सांगाडा नव्हता.

३/ १९२३ मध्ये मॅटली यांनी कमरेची हाडे, पायाचे हाड आणि हाडांच्या ढालींसारखे तुकडे एकत्र मांडून ‘लमेटासॉरस’ हा चिलखती डायनासोर उभा केला. १९३५ मध्ये धीरेंद्र किशोर चक्रवर्ती यांनी त्यावर आक्षेप घेतला: हा एक प्राणी नसून अनेकांच्या अवशेषांची सरमिसळ आहे. परकीय तज्ज्ञाने प्रस्थापित केलेल्या नावाला भारतीय अभ्यासकाने दिलेले हे आव्हान पुढे रास्त ठरले. कमरेची हाडे थेरोपॉडचीच निघाली.

४/ कवटीच्या तुकड्यांची कथा याहून वळणाची आहे. १९३३ मध्ये फॉन ह्यूने व मॅटली यांनी ‘इंडोसुकस’चे वर्णन करून त्याला ॲलोसॉरसच्या कुळात बसवले. १९६४ मध्ये ॲलिक वॉकर यांनी त्याला टायरॅनोसॉरसच्या कुळात नेले. दोन्ही वेळा तुलनेसाठी डोळ्यांसमोर होते ते उत्तर गोलार्धातील प्राणी.

५/ १९८५ मध्ये अर्जेंटिनातील ‘अबेलिसॉरस’चे वर्णन प्रसिद्ध झाले आणि दिशा पालटली. पुढच्याच वर्षी होसे बोनापार्ते यांनी इंडोसुकसला अबेलिसॉरिड कुळात आणले. जबलपूरचा शिकारी अमेरिकेतील टायरॅनोसॉरसचा भाऊबंद नव्हता. त्याचे नाते गोंडवनाशी, म्हणजे दक्षिणेच्या प्राचीन महाखंडाशी होते.

६/ तरीही एक अडचण उरली. इंडोसुकस ओळखला जातो कवटीवरून, लमेटासॉरस कमरेवरून. एकाची कवटी आणि दुसऱ्याची कंबर यांची तुलना करणार कशी? दोन नावे एकाच प्राण्याची असणेही शक्य होते. इथेच गुजरातमधील रहियोलीचे महत्त्व. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८० च्या दशकात तेथे उत्खनन केले. त्यातून कवटीचा भाग, मणके, कंबर आणि पायांची हाडे एकत्र हाती आली. २००३ मध्ये त्या प्राण्याचे नामकरण झाले: राजासॉरस नर्मदेन्सिस. कपाळावर बुटके शिंग असलेला हा अबेलिसॉरिड मादागास्करच्या मजुंगासॉरसचा जवळचा आप्त आहे.

७/ भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाला. त्यानंतर दोन कोटींहून अधिक वर्षे लोटली, तरी दोन्हीकडच्या शिकाऱ्यांच्या हाडांत जुने नाते टिकून होते. ते उमगायला नव्या जीवाश्मांइतकीच जुन्या नावांवर शंका घेण्याची तयारीही लागली. जबलपूरच्या सर्व हाडांचा निवाडा अजून झालेला नाही. संग्रहालयातील पाटीवरचे नाव हा अंतिम निकाल नसतो. हाती असलेल्या पुराव्यावरून बांधलेला तो अंदाज असतो, आणि एक सलग सांगाडा तो पुन्हा बदलू शकतो.