वहीतले वाघ

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे गेली. त्यांपैकी एका दुपारची लाज मनातून अजून गेलेली नाही.

साल १९८७. चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी कर्ज विभागात अधिकारी होतो. मुलूख धानाचा, भात गिरण्यांना मालतारणावर कर्जे दिलेली असत. गिरणीमालकाने दरमहा साठ्याचे विवरणपत्र द्यावे आणि अधिकाऱ्याने गोदामात जाऊन, पोती मोजून त्यावर सही करावी, असा नियम होता. त्या दुपारी ऊन कडक होते. गोदामाच्या दाराशी पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत चढलेल्या दिसत होत्या आणि मालकाने पुढे केलेले ताक थंडगार होते. मी समोरची रांग मोजली, मागे किती रांगा असतील त्याचा अंदाजाने गुणाकार केला आणि सही केली. दोन महिन्यांनी तपासनीस आले. त्यांनी हमाल लावून थप्पी उतरवली. पुढच्या दोन रांगांमागच्या पोत्यांत धान नव्हते, तूस होते. आणि त्यांच्यामागे मोकळी जमीन.

मला मेमो मिळाला, बढती लांबली. ते काळाबरोबर विसरलो. तपासनीसांचे एक वाक्य मात्र विसरता आले नाही. ते म्हणाले होते, "माल मालकाने हलवला. पण तो हलल्याचे बँकेला कळले नाही, ते तुमच्या सहीमुळे."

पुढे २००५ च्या आरंभी सरिस्काची बातमी वाचली, तेव्हा हेच वाक्य पुन्हा आठवले. राजस्थानातील अलवर जिल्ह्यातील हा व्याघ्रप्रकल्प. आदल्या वर्षापर्यंतच्या सरकारी नोंदींत तेथे दीड डझनाच्या आसपास वाघ होते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी जाऊन शोध घेतला, तेव्हा एकही वाघ आढळला नाही. शिकाऱ्यांनी एकेक करून ते संपवले होते आणि वहीत शिल्लक तशीच पुढे ओढली जात होती. सारा देश हळहळला. मला हळहळीबरोबर ओळखही पटली. त्या नोंदींखाली सही करणारा माणूस कसा असेल, हे मला ठाऊक होते. तो चोर नसावा. समोरची रांग पाहून त्याने मागच्या रांगा गृहीत धरल्या असाव्यात.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी हा विषय हिशेबनिसाच्या दृष्टीने वाचून काढला. त्याचे सार व्यापारी घरांतील वाचकांना सहज समजेल, म्हणून येथे मांडतो.

पूर्वी वाघ मोजत ते पायांच्या ठशांवरून. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत बसवली. मातीत उमटलेल्या ठशावर काच ठेवायची, तिच्यावर ठशाची रेघ उतरवायची, ती कागदावर घ्यायची. आणि असे कागद शेजारी शेजारी ठेवून वेगळे वाघ किती ते ठरवायचे. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाटही होते. तेव्हा हाती दुसरे साधन नव्हते. त्या काळासाठी हे काम मोठेच होते.

पण पद्धतीत दोन दोष होते. एकाच वाघाचा पाय चिखलात एक ठसा उमटवतो आणि वाळूत दुसरा; तेव्हा एकाचे दोन वाघ होण्यास वेळ लागत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर. ज्याच्या ताब्यात माल, त्यानेच मोजणी करायची आणि त्यानेच ताळेबंद मांडायचा! वाघ वाढले तर कौतुक, घटले तर जाब. अशा व्यवस्थेत शिल्लक कमी दाखवण्याचे धैर्य किती जण करतील? २००१-०२ मध्ये देशातील आकडा ३,६४२ वर गेला होता.

नवी पद्धत वाघाच्या पट्ट्यांवर उभी आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाची उजवी बाजूही डावीसारखी नसते. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे लावले की येणाऱ्या-जाणाऱ्या वाघाची ओळख आपोआप नोंदली जाते. कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात हे शास्त्रशुद्ध रीतीने करून दाखवले. तरी सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. न दिसलेल्यांचे काय? येथे गणित कामी येते. समजा, पहिल्या फेरीत वीस निरनिराळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही वीस टिपले गेले आणि त्यांतील दहा आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतील निम्मे ओळखीचे. मग पहिले वीस हेही एकूण संख्येच्या निम्मे असावेत, आणि रानात सुमारे चाळीस वाघ असावेत. प्रत्यक्षातील सूत्रे याहून किचकट आहेत, पण त्यांचे बीज हेच.

सरिस्काच्या धक्क्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, कायदा दुरुस्त झाला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने अंदाज घेण्याचे ठरले. २००६ चा पहिला आकडा आला १,४११. अनेकांनी आधीच्या ३,६४२ मधून तो वजा केला आणि इतके वाघ मेले म्हणून शोक केला. ही वजाबाकी हिशेबाला धरून नव्हती. दोन आकडे दोन निरनिराळ्या मापांचे होते. काही वाघ खरोखर मारले गेले होते. काही तर केवळ वहीतच जन्मले होते.

त्यानंतरचे आकडे असे: २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये ३,६८२. महाराष्ट्राचा वाटा २००६ मध्ये १०३ होता, तो २०२२ मध्ये ४४४ झाला. या वाढीतही थोडी सूट धरावी लागते, कारण दर वेळी कॅमेरे वाढले आणि नवी जंगले तपासली गेली. तरीही २०२२ मध्ये ३,०८० वाघ प्रत्यक्ष छायाचित्रांत ओळखले गेले. म्हणजे बहुतांश शिल्लक थप्पी उतरवून मोजलेली आहे. मला या अहवालांचा विशेष आदर वाटतो तो आणखी एका कारणासाठी: त्यांत आकड्यासोबत किमान आणि कमाल मर्यादाही छापतात. आपल्या अज्ञानाची मर्यादा लिहून देणारा हिशेबच विश्वासाला पात्र असतो.

संख्येप्रमाणे वाघाच्या आकाराच्या बाबतीतही फुगवलेली विवरणपत्रे पुष्कळ. शिकारीच्या काळात मेलेल्या वाघाची लांबी दोन तऱ्हांनी घेत. नाक आणि शेपटीचे टोक येथे खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजणे ही एक तऱ्हा. अंगाच्या वळणावळणाने फीत फिरवणे ही दुसरी. दुसरीत वाघ काही इंच लांब होतो, आणि पाहुणा बडा असला की तीच सोयीची ठरे. वजनाचेही तसेच. भरपेट जेवलेल्या वाघाच्या पोटात पंचवीस-तीस किलो मांस असू शकते. आपल्या भाषेत सांगायचे तर बारदान वजा न करता केलेले ते वजन! त्या काळीही सचोटीने मोजणारे होते. ज्या मध्य प्रांतात तेव्हा चांदा जिल्हा होता, तेथील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी बेचाळीस पूर्ण वाढलेल्या नरांची सरासरी ४२० पौंड, म्हणजे सुमारे १९० किलो, नोंदवली आहे. सुमात्रा बेटावरील नर मात्र १०० ते १४० किलोंचाच असतो आणि सुंदरबनात वजन केलेल्या मोजक्या वाघिणी ७५-८० किलोंच्या आसपास भरल्या आहेत. जसे रान आणि जशी शिकार, तसा देह.

वर्गवारीचा वादही असाच. वाघाच्या नऊ उपजाती मानल्या जात. त्यांतील बाली, जावा आणि कॅस्पियन हे वाघ विसाव्या शतकात नामशेष झाले. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नऊ खाती दोनांत विलीन केली: मुख्य भूमीचा वाघ आणि सुंदा बेटांचा वाघ. पुढच्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासाने हयात वाघांचे सहा गट वेगळे असल्याचे दाखवले. हा केवळ पंडितांचा वाद नाही. एका रानात वाघ संपले तर ते कोठून आणावेत, हे या खात्यांवर ठरते. कॅस्पियन आणि सैबेरियन वाघ जवळजवळ एकच होते असे अभ्यासात दिसले, म्हणून आज कझाकस्तान सैबेरियन वंशाचे वाघ आणून आपले रिकामे खाते पुन्हा उघडू पाहत आहे. सरिस्कात २००८ पासून रणथंभोरचे वाघ नेले गेले. ते शेजारचेच असल्याने असा प्रश्न उद्भवला नाही.

या साऱ्या वाचनात मला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी त्रैराशिक. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबरासारखी सुमारे पन्नास जनावरे लागतात, आठवड्याला एक. कळपाची नैसर्गिक वाढ न खुंटता वाघाला त्यातून दरवर्षी दहा टक्के उचलता येतात. म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरे हवीत. पाचशे हे मुद्दल, पन्नास हे व्याज. वाघ व्याजावर जगतो. पत्नीला हे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे वर्षाला पन्नास जीव!" आमच्यासारख्या घरात हा आकडा सहज पचणारा नाही. पण तो व्यवहार आपल्या संमतीची वाट पाहत नाही. आपल्या हातात आहे ते मुद्दल न खाणे: हरणांची चोरटी शिकार थांबवणे, कुरणे राखणे, पाणवठे राखणे आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे. पेंचजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद केला, तेव्हा त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग सोडले गेले. कॅमेऱ्यांत त्यांखालून वाघ जाताना दिसले आहेत. व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षी ताडोबाला जाण्याचा योग आला. वाटेत माझ्या जुन्या शाखेतील शिपायाची भेट घेतली. आता तोही निवृत्त आहे. चहा घेताना मी उत्साहाने त्याला ४४४ चा आकडा सांगितला. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने सांगितले, की त्याची भावजय मोहफुले वेचायला पहाटे गेली होती, ती परत आली नाही. भरपाई मिळाली. काही रक्कम हाती, उरलेली मुदत ठेवीत. ठेवीची पावती त्याने मला दाखवली. व्याजाचा दर बरोबर लागला आहे ना, एवढेच त्याला विचारायचे होते. मी हिशेब करून पाहिला. बरोबर होता. पावती परत कपाटात ठेवताना तो म्हणाला, "वाघ आमच्या नावावर नाही जी, साहेब. पन् हप्ता आमीच भरतो."

मला उत्तर सुचले नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कितीतरी वाघ राखीव क्षेत्राबाहेर, शेताशिवारांच्या कडेने राहतात. मोह आणि तेंदूपानाच्या हंगामात माणसे रानात जातात, कारण वर्षाची रोकड त्या दोन महिन्यांतच हाती येते. वाघ वाढल्याचा आनंद साऱ्या देशाच्या जमेला आणि खर्चाची बाजू मात्र त्या गावांच्या नावे! जमेच्या आकड्यावर खूश होऊन मी खर्चाचे पान उलटलेच नव्हते. पुन्हा एकदा केवळ समोरची रांग मोजली होती. त्या गावांना गॅस मिळावा, पर्यटनाच्या पैशातून रोजगार मिळावा, रानात जाण्याआधी वाघाच्या हालचालीची खबर मिळावी आणि भरपाई वेळेवर मिळावी, ही दया नव्हे. ते देणे आहे. सुट्टीत जंगलात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुक्कामाची जागा निवडताना एवढे जरी विचारले, की येथे गावातील किती जण कामाला आहेत, तरी त्या देण्यातील चार आणे फिटतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिप्सीतून रानात गेलो. तीन तास फिरूनही वाघ दिसला नाही. वाटाड्या अपराध्यासारखा वारंवार क्षमा मागत होता. परतताना एका कुरणात चितळांचा कळप चरताना दिसला आणि मी गाडी थांबवायला सांगितली. सवयीने मोजू लागलो. त्रेचाळीस भरली.

पत्नी म्हणाली, "अहो, पुन्हा मोजा. मागची झुडपाआड आहेत, ती दिसली तरी का तुम्हाला?"

गाडीत उभा राहिलो आणि एका टोकापासून पुन्हा मोजली. एकेचाळीस होती.