पिवळी पाटी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी सिडकोतल्या घरी सकाळचा दुसरा चहा पीत होतो. "मामा, गाडी घेतली," एवढंच म्हणाला. मला वाटलं स्कूटर असेल. अठरा पूर्ण झालेल्या पोराला या गावात दुसरं काय घेऊन देतात? "कुठली?" म्हटलं, तर क्षणभर थांबून म्हणाला, "पिकअप. महिंद्राची. 94 ची." पाठीमागून ताईचा आवाज आला, "सांग त्याला, टेम्पो आणलाय म्हणून सांग!"

मी गेलो तेव्हा घरात सुतक पडल्यासारखी शांतता. दाजी पेपर धरून बसले होते, पण वाचत नव्हते. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या पोराने दोन सुट्ट्यांत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करून साठवलेले पैसे, आजीने गुपचूप दिलेले पैसे, असे मिळून पंच्याऐंशी हजार त्या लोखंडात घातले होते. "ॲक्टिव्हा घे म्हटलं, बुलेट घे म्हटलं. जुनीच पाहिजे होती तर जुनी जीप घे म्हटलं," दाजी म्हणाले. "जीपला निदान लोक वळून बघतात. ह्यातून लग्नात बँडवाले येतात."

दाजींचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे जुनी विलीज चकचकीत करून फिरवली तर ती हौस. त्याच जीपच्या तोंडाला मागे हौदा लावला की झाला टेम्पो. हा शब्दही गमतीचा आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो नावाच्या जर्मन कारखान्याच्या परवान्यावर फिरोदियांच्या बजाज टेम्पोने इथे तीनचाकी बनवायला घेतली, आणि मराठी माणसाने मालाच्या प्रत्येक लहान गाडीला तेच नाव देऊन टाकलं. कंपनीने 2005 मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स केलं. आपण काही बदललो नाही. 2005 मध्येच टाटांची एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती केलं. ही नावं प्रेमाची आहेत, पण मानाची नाहीत. टेम्पोवाला म्हणताना आपला आवाज कसा निघतो ते एकदा ऐकून बघावं.

पोराने हे खूळ कुठून आणलं ते मला ठाऊक होतं. फोनवर तो अमेरिकेतली पोरं बघतो. तिकडे सोळाव्या वर्षी लायसन मिळतं आणि आजोबांच्या शेतावरची, गवतात गंजत पडलेली फोर्ड किंवा शेवरोले पोरगा खणून काढतो, वर्षभर खपतो आणि शाळेत घेऊन जातो. फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टीच्या पाठीला कारखान्यातच हौदा बसवून ती 281 डॉलरला विकायला काढली, तेव्हा ती शेतकऱ्याचीच गाडी होती. पुढे तिकडे तिचं काय झालं ते आपण सिनेमांत बघतोच: टोपीवाला नायक, धुळीचा रस्ता, मागे कुत्रं. आपल्याकडे हौद्यात कुत्रं बसत नाही, मजूर बसतात.

गाडी मात्र मी नीट पाहिली. रंग मूळचा कुठला, सांगता येत नव्हतं; पत्र्याला नख लावलं तर निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली पुन्हा निळा. मागच्या फाळक्यावर नव्या रंगाखालून जुनी अक्षरं उमटली होती. हॉर्न ओके प्लीज. आपल्या राज्याने 2015 मध्ये ते लिहायला बंदी केली, तेव्हा कुणीतरी त्यावर ब्रश फिरवला असणार. उन्हाने तो हळूहळू उडवला. फाळक्याची एक साखळी मूळची, दुसरीच्या जागी सायकलची चेन. हौद्याच्या तळाला इतके पोचे की पावसाचं पाणी पन्नास ठिकाणी साचावं. सांध्यात कांद्याची टरफलं अडकून कागदासारखी वाळली होती. आत बसलो. डॅशबोर्डवर हीटरची मूठ. या जुन्या महिंद्रांत फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन असायचं. थंडीत मूठ ओढून थांबावं लागतं, समोरची तार लाल झाली की मग सेल मारायचा. पोराने मूठ ओढली आणि तारेकडे असा बघत बसला की जणू दुधाला उकळी यायची आहे. इंजिन लागलं, आणि आख्खी गाडी तापातल्या माणसासारखी हुडहुडली.

रोशन गेटच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये ती मग अडीच महिने होती. तिथले चाचा सत्तरीच्या पुढचे. पोराने तक्रार केली की मागून खडखडाट फार होतो, पाटे बदलायचे का. चाचांनी पाट्यांवर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, "खाली हय ना, इसलिए बजती. माल डालो, चुप हो जाती."

पोरगा हसला. मी नाही हसलो, कारण हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शब्दांत ऐकलं होतं.

माझ्या वडिलांची मॅटाडोर होती. फुलंब्रीकडच्या गावांतून मेथी, कोथिंबीर, वांगी भरून पहाटे शहागंजच्या मंडईत यायची. मी देवगिरी कॉलेजात होतो, 86-87 साल असावं. माल उतरला की वडील म्हणायचे, चल, सोडतो. बसभाडं वाचायचं. पण क्रांती चौक आला की मी म्हणायचो, इथंच उतरवा, मित्र थांबलाय. मित्र कुणी नसायचा. तिथून पुढे मी चालत जायचो आणि शर्टाच्या बाहीचा वास घेत जायचो, मेथीचा येतो का म्हणून. येत असेच. वडिलांना हे कळत नव्हतं असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा मात्र कॉलेजला सुट्टी असताना मी त्यांच्यासोबत रिकाम्या गाडीतून परत निघालो, गाडी फार उडत होती, मी कुरकुर केली. ते म्हणाले, "भरलेली असली की नीट चालती. रिकामीच माजती." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं. नंतर ती गाडी विकली, मला नोकरी लागली, आणि आमच्या घरात टेम्पोचा विषय निघेनासा झाला.

आता हा पोरगा ज्याची मला लाज वाटली ते पैसे मोजून घेऊन आला होता. आणि त्याला ते आवडू शकलं याचं कारणही साधं आहे: त्याचं पोट त्यावर नव्हतं. मी हे त्याला बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

अपार्टमेंटमध्ये वेगळंच झालं. सोसायटीच्या फलकावर दोन दिवसांत कागद लागला: पार्किंगमध्ये व्यावसायिक वाहने उभी करू नयेत. नाव कुणाचंच नव्हतं, पण पिवळी पाटी आवारात एकच होती. आम्ही लहान असताना पाट्यांचे रंग वेगळे होते, खासगी गाडीची पाटी काळी असायची आणि अक्षरं पांढरी. आता खासगीला पांढरी, भाड्याच्या आणि मालाच्या गाडीला पिवळी. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पाटीवरचा एमएच 20 तसाच राहिला, आणि रंगावरून माणूस ओळखायची सवयही. याच शहराने ऑक्टोबर 2010 मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटींच्या. देशभर बातमी झाली. सरकारी बँकेने त्यासाठी सात टक्क्यांनी कर्ज दिलं होतं, आणि ट्रॅक्टरला लागणारा व्याजदर त्याहून बराच जास्त होता, हे पी. साईनाथांनी लिहून दाखवलं. आम्हा शहरवासीयांना त्या लेखापेक्षा रांगेत उभ्या गाड्यांचा फोटो जास्त आठवतो. त्यातला एकही आकडा मला खटकला नव्हता तेव्हा, खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच होती.

गाडी शेवटी माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये, पडेगावकडे ठेवली. आणि मग कागदपत्रं काढताना खरी मेख कळली. मोटार वाहन कायद्याचं चौथं कलम. अठराव्या वर्षी माणूस कार चालवू शकतो, मत देऊ शकतो, मालाची गाडी स्वतःच्या नावावर घेऊही शकतो. पण मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी रस्त्यावर चालवायला वीस पूर्ण लागतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला कारचं लायसन पुरतं, वेगळा शिक्का नको. पोराला आनंद झाला. पण ती गोष्ट लायसनची. वयाची अट आपल्या जागीच आहे.

"मग जाधववाडीत पहाटे चारला जी पोरं पिकअप आणतात, ती काय वीसची असतात का?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. बाजार समितीच्या फाटकात कितीतरी तोंडं अशी दिसतात की मिसरूड अजून ठरवतंय फुटू का नको. त्यांच्या गाड्यांवर हप्ते आहेत, मागे अद्रकीची पोती आहेत, त्यांना कुणी विचारत नाही, आणि अपघात झाला की मग सगळे एकदम विचारतात. मी त्याला म्हटलं, त्यांना नाइलाज आहे, तुला नाही. तू कायदा पाळ. हे बोलताना मला स्वतःचाच आवाज सोसायटीच्या फलकासारखा वाटला. पण मत तेच आहे, आजही.

मग त्याने दुसरी वाट शोधली: व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? 2021 मध्ये केंद्राने त्याचे नियम केलेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली. वेगळी नंबरपाटी, नव्या नोंदणीला वीस हजार. पण ती खासगी वापराचीच हवी. म्हणजे गाडी 2044 मध्ये पन्नास वर्षांची झाली तरी टेम्पोला तो मान नाही. उलट मालगाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची त्याची फी केंद्राने 2022 पासून कैक पटींनी वाढवलेली. आमची गाडी पहिल्या तपासणीत परत आली. मागे चमकपट्टी नव्हती आणि हँडब्रेक नावापुरता होता. दोष गाडीचाच. दुसऱ्या वेळी पास झाली.

या सगळ्या खटपटीत मला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा तो कारागीर आठवायचा. त्याने मुलाच्या हट्टापायी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चिमुकली चारचाकी केली होती. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली, म्हणाले की नियमात बसत नसल्याने ती रस्त्यावर चालणार नाही, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. महिनाभरात ती त्याला मिळाली, त्याची गाडी कंपनीने जपायला नेली. गोष्ट गोड आहे. पण त्या मुलाला बापाने केलेली गाडी जास्त आवडत होती की बोलेरो, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

ऑक्टोबरात सीताफळं आली. खुलताबादेकडच्या एका नातेवाइकाची बाग आहे. त्यांची ठरलेली गाडी ऐन वेळी बिघडली. पोरगा म्हणाला, आपली नेऊ. चालवणार मी, कारण साठीला आलेल्या मामाला कायद्याची हरकत नाही. रात्री तीनला आम्ही चाळीस कॅरेट भरले. पोराने स्वतः वाहिले, पहिल्या दहानंतर त्याचा शर्ट पाठीला चिकटला. मागचा फाळका लावला, सायकलच्या चेनचा हूक अडकवला. घाट उतरताना स्टेअरिंग खांद्याने वळवावं लागत होतं, मला वडिलांचे खांदे आठवले. दौलताबादला दिल्ली दरवाजापाशी समोरून दुसरी गाडी आली होती. एकच गाडी मावते तिथे, आम्ही थांबलो. इंजिन ठोके देत होतं, बाकी कसला आवाज नव्हता. मीही बोललो नाही, त्यानेही नाही, पण त्याने मान वळवून मागे पाहिलं. पाटे गप्प होते.

जाधववाडीत लिलाव होईस्तोवर सहा वाजले. परत निघालो तेव्हा गाडी रिकामी होती आणि पुन्हा खडखडत होती. पोराच्या बाहीला सीताफळाचा चीक लागून काळे डाग पडले होते, ते धुतल्याने जात नाहीत. त्याला साडेआठला कॉलेज होतं. मी म्हटलं, कुठं उतरवू? तो म्हणाला, "गेटवर."

गाडी आता शेडमध्ये असते. रविवारी तो जाऊन हीटरची मूठ ओढतो, तार लाल होऊ देतो, पंधरा मिनिटं चालू ठेवतो आणि आवारातच पुढे-मागे करतो. बाहेर काढायची असली की मला फोन येतो, मग मी चालवतो आणि मालक क्लीनरच्या बाजूला बसतो. त्याला वीस पूर्ण व्हायला अजून चौदा महिने आहेत.