रोमच्या बाजारातला सेनेका

परदेशी गेलेला मराठी माणूस परत येताना काय आणतो? चॉकलेटे, अत्तराच्या बाटल्या आणि फ्रीजला चिकटवायची चित्रे. मी मात्र रोमहून एक तत्त्वज्ञच घेऊन यायचा. पण तो बेत थोडक्यात हुकला. थोडक्यात म्हणजे २८,००० युरोंनी!

त्याचे असे झाले. माझा भाचा रोमला नोकरीस असतो. त्याच्या आग्रहावरून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता तिकडे गेलो. एके दिवशी सकाळी कॅपिटोलीन टेकडीवरचे संग्रहालय पाहिले. १७३४ साली सामान्यांसाठी खुले झालेल्या या संग्रहालयात तत्त्वज्ञांचे म्हणून एक दालनच आहे. भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर संगमरवरी डोकीच डोकी; वाण्याच्या दुकानात बरण्या मांडाव्यात तशी. सॉक्रेटिसचे नकटे नाक तेवढे मी ओळखले. बाकीचे बहुतेक दाढीवाले आणि कपाळाला आठ्या घातलेले. सौ. म्हणाली, “अहो, यातला एकही पोटभर जेवून उठलेला दिसत नाही.”

दुपारी भाच्याने आम्हांला ‘व्हिया देई कोरोनारी’ या अरुंद रस्त्यावर नेले. सेंट पीटरच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. पंढरपुरात तुळशीच्या माळांची दुकाने लागतात, तशी इथे जपमाळांची दुकाने असत. त्या दुकानदारांवरूनच रस्त्याला नाव पडले. आता तिथे जुन्या कलावस्तूंची दुकाने आहेत.

अशाच एका दुकानाच्या काचेआड तो मला दिसला. सायीसारखा पिवळट पडलेला संगमरवर. खोल गेलेले गाल, कपाळावर चिकटलेल्या बटा, विरळ दाढी, मानेच्या ताठलेल्या शिरा. खाली नाव होते ‘सेनेका’. मी थबकलोच. हे तर आमचे कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे सर! तीच कृश मूर्ती, तीच दूरवर लागलेली नजर. त्यांच्या व्याख्यानांनी माझ्या आयुष्याला वळण लावले. त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे.

आत जाऊन किंमत विचारली. मालकीणबाईंनी सांगितली आणि भाच्याने रुपयांत करून दिली. पंचवीस लाखांच्या वर! सौ. हळूच म्हणाली, “एवढ्यात आपल्या फ्लॅटचे उरलेले सगळे हप्ते फिटतील.”

हे गिऱ्हाईक नव्हे, हे बाईंनी ओळखले असणारच; तरीही त्यांनी खुर्च्या दिल्या. भाचा दुभाषा झाला. हा पुतळा प्राचीन नव्हे, अठराव्या शतकातला, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. त्या काळी इंग्लंडातले तरुण जमीनदार इटलीच्या यात्रेला येत आणि प्राचीन पुतळे मायदेशी नेत. मागणी भारी, माल अपुरा. मग रोमचे मूर्तिकार जुन्या डोक्याला नवी छाती जोडून देत, नाही तर अख्खी नक्कलच घडवीत. कावाचेप्पी नावाचा त्यांतला नामांकित कारागीर. त्याचा कारखाना याच शहरात, व्हिया देल बाबुइनोवर होता.

“आणि दुसरे म्हणजे,” बाई हसून म्हणाल्या, “हा सेनेका नव्हेच!”

ती हकिगत मोठी गमतीची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फुल्व्हिओ ओर्सिनी या विद्वानाने हा कृश चेहरा सेनेकाचा ठरवला. सर्वांना पटले. साधेपणाचा उपदेश करणारा, नीरोच्या आज्ञेवरून इ. स. ६५ मध्ये मरणाला शांतपणे सामोरा जाणारा तत्त्वज्ञ असाच दिसायचा! रूबेन्ससारख्या चित्रकाराने आपल्या ‘चार तत्त्वज्ञ’ या चित्रात त्याला मानाने कोनाड्यात बसवले. १७५४ साली हर्क्युलेनियमच्या उत्खननात हाच चेहरा ब्राँझमध्ये मिळाला. तो आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यालाही सेनेकाच म्हटले गेले. आणि १८१३ साली रोममध्येच एक जोडपुतळा सापडला. एका बाजूला सॉक्रेटिस, पाठीला पाठ लावून सेनेका, दोघांची नावे दगडात कोरलेली! आता तो बर्लिनला असतो.

बाईंनी पुस्तक उघडून त्याचे चित्र दाखवले. टक्कल, गुबगुबीत गाल, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. “हा खरा. पण गिऱ्हाइके मागतात तो हाडकुळाच.”

सौ. वाकून पाहत होती. एकदम म्हणाली, “अगबाई, हे तर मामंजी!”

वाचकहो, मी काही बोलू शकलो नाही. अगदी माझे वडील! कराडला त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. गल्ल्यावर उघड्या अंगाने बसलेले, पोट सुटलेले, टक्कल पडलेले. कॉलेजातले मित्र घरी आले की मला त्यांची लाज वाटे. एकदा दिवाळीच्या वहीपूजनाआधी ते उधारीच्या वहीतल्या नावांवर काट मारताना मी पाहिले. मी चिडून विचारले, तर म्हणाले, “ज्याच्यापाशी नाहीच, त्याच्याकडे मागून आपलीच झोप जाते रे.” मी त्याला अव्यवहारीपणा म्हटले. त्याच आठवड्यात सरांच्या तोंडून अपरिग्रहावरचे व्याख्यान मी भारावून ऐकले आणि वहीत उतरवून घेतले.

सेनेका स्वतः अतोनात श्रीमंत होता. त्याच्या व्याजबट्ट्याने इटली पिळून निघत असल्याचा जाहीर आरोप इ. स. ५८ मध्ये त्याच्या एका शत्रूने केला होता. म्हणजे निदान त्या एका विषयात, ग्रंथ न लिहिता, आमचे बाबा त्याच्या पुढेच होते. पण त्यांच्या हयातीत हे त्यांना सांगायचे राहून गेले.

घरी आल्यावर आतल्या खोलीतला त्यांचा फोटो मी दिवाणखान्यात आणला. सरांचा काढला नाही. शेजारीच खिळा ठोकला. स्टूल धरून उभी असलेली सौ. म्हणाली, “जागा काय, पहिल्यापासून होतीच की!”